जळगाव विमानतळाची केळी मी काढणार नाही

मंडळी, घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या गेमसाठी मी आपल्या जळगाव विमानतळाचा देखावा बनवतेय, हे तुम्हाला माहीत आहेच. मूळ गेममध्ये धावपट्टीभोवती नारळाची झाडं होती. जळगावात नारळ. मी ती काढून केळीच्या बागा लावल्या.

आज सकाळी ग्रुपवर एका जुन्या सदस्यानं लिहिलं, "केळी काढून टाका. गेम जड होतो. वरून कोण बघतंय?"

मी चिडूनच बसले होते, तेवढ्यात चोपड्याहून माझे वडील, नाना, आले. जन्मभर केळी पिकवलेला माणूस. त्यांना शेजारी बसवलं आणि विमान उतरवलं. नानांनी धावपट्टीकडे बघितलंसुद्धा नाही.

"केळी बरी शे," ते म्हणाले. "पन शेवरी कोठे शे? वारा उना तर बठ्ठी केळी आडी पडी जाई."

वाऱ्यानं सगळी केळी आडवी पडू नये म्हणून बागेच्या कडेला शेवरीची झाडं लावतात, तीच मी विसरले होते.

दुपारी बसून पश्चिमेला शेवरीची दाट ओळ लावली. गेम आणखी जड झालाय. होऊ दे.

वरून कोण बघतंय विचारलंत ना? माझे वडील बघतात. ज्यांना जड होतंय त्यांनी खुशाल नारळात उतरावं.