झडप उघडली नाही

त्या सकाळी माझ्या संगणकावर एकच नोंद तीनदा आलेली होती. ‘बापूंना फोन लावला. उचलला नाही. झडप उघडली नाही.’ मी चहा पीत होतो. काही बिघडलं की दोष माझाच असतो हा आमच्या ऑफिसातला अनुभव, म्हणून अर्धा तास स्वतःच्याच चुका शोधल्या. एकही सापडली नाही, याचंच नवल वाटलं. मग बापूंना आवाजी निरोप पाठवला, ‘बापू, मोबाईल चार्ज करत चला की! का त्याचीही पाळी लावू?’ स्वतःच्या विनोदावर हसलोसुद्धा. दहाच्या सुमाराला पाणीपुरवठा संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. बापू पहाटे झोपेतच गेले होते... दुपारी माझ्या निरोपावर दोन निळ्या खुणा उमटल्या. तो कुणी ऐकला, हे मी अजून विचारलेलं नाही.

बापू त्या संस्थेचे पाटकरी. कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं हे तीस वर्षं त्यांच्या डोक्यात. मी साताऱ्याचा, शहरात वाढलेला. शेतीशी संबंध उसाच्या रसापुरता. सांगलीत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. संस्थेसाठी आम्ही एक एआय एजंट बसवला. पाण्याच्या पाळीप्रमाणं पंप चालू करायचा, झडप उघडायची, बंद करायची, ही कामं तो करणार. प्रत्येक कामाचं एक टूल, आणि ते कसं वापरायचं हे मी लिहून द्यायचं. एजंटाला रान दिसत नाही. मी लिहिलेलं तेवढंच त्याला ठाऊक. झडपेसाठी मी एकच ओळ लिहिली होती, ‘गट क्रमांक द्या, झडप उघडेल.’ थोडक्यात लिहायची हातोटी आहे हो तुला, असं मीच मला म्हणालो होतो.

पहिल्याच हंगामात बापू भाचीच्या लग्नाला वाईला गेले. त्यांच्याच गटाची पाळी आली. एजंटानं बरोबर वेळेला, बरोबर गटाची झडप उघडली. त्या रिकाम्या रानात बापूंची शिजवलेली हळद वाळत घातलेली होती.

तिसऱ्या दिवशी बापू ऑफिसात आले. पिशवीतून चिखलात भिजलेली चार हळकुंडं काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी माफीचं भाषण सुरू केलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या सायेब. त्या मशीनला तुमी काय लिवून दिलंय, त्येवडं वाचा.” मी ती ओळ वाचली.

“पानी कसं सोडायचं त्ये लिवलंय. कवा सोडायचं न्हाई, त्ये कुटं हाय?”

मी पुढचं पान उलटल्यासारखं केलं. पुढचं पान नव्हतं.

मग दर गुरुवारी, बाजाराच्या कामाला सांगलीत आले की, बापू ऑफिसात बसायचे. प्रत्येक टूलचं वर्णन आम्ही नव्यानं लिहिलं, आधी कधी वापरायचं नाही ते, मग कसं वापरायचं ते. तपासायची रीतही त्यांचीच. खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, “आता मी तुमचं मशीन. मला फकस्त कागद कळतो.” एकदा मी ऐटीत वाचलं, “झडप बंद करा.”

“केली.”

“बास, झालं काम.”

“कशाचं झालं? पंप चालूच हाय की. कागदात त्ये न्हाई, मला काय ठावं? फुटली गड्या तुझी पाइपलाइन!”

त्या दिवसापासून मी सायेबाचा गड्या झालो. माझ्या कितीतरी पाइपलाइनी त्या खुर्चीत फुटल्या.

शेवटच्या ओळीवरून मात्र आम्ही भांडलो. मी लिहिलं होतं, ‘खात्री नसल्यास मानवी मंजुरी घ्यावी.’ बापू म्हणाले, “मंजुरी कुनाची? नाव लिव, नंबर लिव. न्हाईतर त्ये बिचारं कुनाला इचारंल?” मग ओळ झाली, ‘रानात काही वाळत घातलेलं नाही याची बापूंकडून फोनवर खात्री झाल्याशिवाय झडप उघडू नकोस.’ तेव्हापासून प्रत्येक पाळीला एजंटाचा फोन जायचा आणि बापूंचं उत्तर ठरलेलं, “थांब. बगून सांगतो.” दारातून दिसणारं रान असलं तरी उठून बांधावर जायचे. मग दहा मिनिटांनी, “काय न्हाई. सोड पानी.” नोंदींमध्ये ही दोन उत्तरं एवढ्या वेळा आहेत की मी ती वाचायचंच सोडून दिलं होतं.

बापू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी सावडायला गेलो. रडू आलं नाही. अंगणात कुणाच्या चपला कुठं आहेत, तेवढं बघत राहिलो. निघताना बापूंच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, “त्यो फोन रोज सकाळी वाजतोय. काय करू?” मी म्हणालो, “मी बघतो.” आणि आठ दिवस काही केलं नाही. एकाच्या उसाची पानं वळायला लागली, दुसऱ्यानं हातानंच झडप उघडून घेतली. सेक्रेटरी वैतागले, “आवं, एक ओळ बदलायची! तिला किती दिस?” बरोबर होतं त्यांचं. मी रोज फाईल उघडायचो, बापूंच्या नावामागं कर्सर आणून थांबायचो, आणि फाईल बंद करायचो. दुःख वगैरे म्हणावं तर तसंही काही वाटत नव्हतं... बोट तेवढं खाली जात नव्हतं.

नवव्या दिवशी नाव बदललं. नवा पाटकरी अजून ठरलेला नव्हता, म्हणून माझं घातलं. माझा नंबर घातला. बाकी ओळ तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. “गट बारामध्ये काही वाळत घातलं आहे का?” एजंटानं विचारलं. मी सांगलीत, गट बारा इथून चौदा किलोमीटरवर. हळदीचा हंगाम कधीच संपलेला. ‘नाही’ तोंडापर्यंत आलं होतं.

“थांब,” मी म्हणालो, “बघून सांगतो.”

आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.