सकाळचा राग

दिल्लीत आज मला कोणी शास्त्रीय गायक समजत नाही, हे आत्याचे उपकार आहेत. दिल्लीला बोलावलं तिनेच, द्वारकेच्या फ्लॅटमधली मागची खोली दिली तिने, बिजवासनच्या पार्सल गोदामात कोणाला तरी फोन करून काम लावून दिलं तिनेच. पण ते सगळं कुठलीही आत्या करते. हा उपकार वेगळा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आभार मागाहून मानू म्हणून ठेवले की मला झोप येत नाही.

मी वणीचा. नववीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण सुटली म्हटलं की जरा बरं वाटतं. जयंतीच्या स्टेजवर डीजे एक गाणं संपवून दुसरं लावेपर्यंत मला माइक मिळायचा आणि मी माझं लिहिलेलं भराभर म्हणायचो. त्याला रॅप म्हणतात हे मला फोनमुळे कळलं. गावात त्याला 'ते पोरगं बोलते ते' एवढंच नाव होतं.

दिल्लीला निघताना वडिलांनी एकच सांगितलं. दिवाळीपर्यंत तिथे काही जमलं तर राहा, नाहीतर परत ये आणि काकाच्या वेल्डिंगच्या दुकानात बस. 'काही' म्हणजे काय, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही. सगळ्यात वाईट उत्तर धरून चालतो.

गोदामात मला सगळे 'बंबई' म्हणतात. मी मुंबई पाहिलेली नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, आता फार उशीर झालाय. तिथल्याच एका स्कॅनरवाल्याने मला उत्तम नगरचा पत्ता दिला. म्हणाला, "वहाँ एक लड़का बीट बनाता है, सबका गाना निकालता है, तू भी जा." त्या मुलाला मी मनात बीटवाला म्हणू लागलो आणि घरीही तेच सांगितलं.

"बीटवाल्याकडे जातोय," मी म्हणालो.

आत्याने चष्मा काढला. आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी आहे, तिच्यावर इथल्या बीटच्या पोलिसाचा नंबर लिहिलेला आहे. "काय झालं?" ती म्हणाली. "गोदामातलं काही गायब झालंय का? मला आधी का नाही सांगितलंस?"

बीट म्हणजे रॅपच्या खाली वाजतं ते संगीत, हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली. समजल्यावर ती म्हणाली, "अच्छा. म्हणजे तबला." मी हो म्हणालो.

बीटवाल्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. खाली त्याच्या वडिलांचा ई-रिक्षा चार्ज करायचा धंदा. रात्री सगळ्या रिक्षा तारा लावून उभ्या असतात तेव्हा मीटरपासून माइकपर्यंत सगळं गुणगुणतं, त्यामुळे जगभरातले रॅपर रात्री गात असले तरी उत्तम नगरचे दुपारी गातात, रिक्षा रस्त्यावर असताना. भिंतींना बहिणीच्या लग्नातून उरलेल्या रजया ठोकलेल्या. खोलीत खुर्ची एकच, त्याची. बाकीच्यांनी उभं राहायचं किंवा गादीवर बसायचं. तो आणि त्याचे दोस्त मिळून एक टेप काढत होते, म्हणजे सगळ्यांची एकेक गाणी एकत्र. कोणी हरियाणवीत, कोणी मैथिलीत, कोणी पंजाबीत. मराठीची जागा रिकामी होती. "तेरा अच्छा हुआ तो तेरा," तो म्हणाला. "नहीं तो भोजपुरी वाला एक और है."

मी गाणं फोनवर म्हणून त्याला पाठवलं. घरात भिंती पातळ, आत्याचे शेजारी सुशिक्षित, म्हणून मी ते पांघरुणात तोंड घालून हळू म्हटलं होतं. त्याची सुरुवात अशी:

सकाळी उठल्या उठल्या मला राग येतो
ब्रश करता करता मला राग येतो
सगळे म्हणतात शांत आहे, मला राग येतो

त्याचा मेसेज आला. "सकाळी मतलब सुबह?" मी लिहिलं, हाँ भाई. मग दोन आठवडे तो काही बोलला नाही. मी सगळ्यात वाईट धरून चाललो.

मग त्याने बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानावर ठेवले. आधी तानपुरा. मग सारंगी. बराच वेळ सारंगी. मग अगदी जपून, चप्पल काढून आल्यासारखा ड्रम.

"भैरव," तो म्हणाला. "सुबह का राग है। पूरा इंटरनेट छान मारा। भाई, तूने बताया नहीं तेरे को राग आता है। मैं तो समझा ऐसे ही लेबर है।"

मराठीत राग येतो म्हणजे संताप होतो. हिंदीत राग आता है म्हणजे शास्त्रीय गाणं शिकलेलं आहे. एवढं माझ्या लक्षात आलं. पण तो इतक्या आनंदाने माझ्याकडे बघत होता की मी म्हणालो, "बढ़िया है भाई."

"तुम्हारे उधर तो घर-घर में गाते हैं ना?"

"हाँ," मी म्हणालो. "थोड़ा-बहुत."

घरी आलो तर आत्या मेथी निवडत होती. ती केंद्र सरकारच्या एका खात्यातून गेल्याच वर्षी निवृत्त झाली. आतोबा गेल्यापासून एकटीच राहायची, मी येईपर्यंत. मी फोन तिच्यासमोर ठेवून गाणं लावलं. सारंगी सुरू झाली तशी तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"कोण गेलं?" ती म्हणाली. पूर्वी मोठा माणूस वारला की रेडिओवर दिवसभर हेच लावायचे.

"कोणी नाही. माझं गाणं आहे."

माझा आवाज आला. तिने दोन ओळी ऐकल्या, फोन बंद केला आणि मला नीट विचारलं, "त्याला वाटलं तू राग गातोस?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"थोडंफार गातो म्हणालो."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "माझं हेच झालं होतं." दिल्लीत नवीन असताना एका फाईलवरून तिचं साहेबांशी वाजलं. तोडक्यामोडक्या हिंदीत ती म्हणाली, सर, मुझे बहुत राग आता है. साहेब खूश झाले. म्हणाले, अरे वाह, पहले क्यों नहीं बताया, शुक्रवारी वर्माजींचा निरोपसमारंभ आहे, तुम्ही गा. तिला 'नाही' म्हणायचा धीर झाला नाही, आणि फाईलही तशीच राहिली. तिने शाळेतली एक प्रार्थना गायली.

"मग?"

"मग काय, दर निरोपाला मीच. कोणी रिटायर होणार असं कळलं की मला घाम फुटायचा. गेल्या वर्षी मी रिटायर झाले, तर माझ्या निरोपाचं गाणंही मलाच म्हणायला लावलं. हार घालून उभी राहिले आणि म्हटलं." तिने जुडी परत हातात घेतली. "आता सांगितलं नाहीस तर जन्मभर गात बसशील. उद्या मी येते."

मी म्हणालो, तो जागा भोजपुरीवाल्याला देईल. ती म्हणाली, देऊ दे. मी म्हणालो, मग मला वणीला जावं लागेल. यावर तिने मेथीच्या काड्या पानांत टाकल्या आणि पानं कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मेट्रोने उत्तम नगरला गेलो. आत्याचे गुडघे गेलेले आहेत. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, ती पुढची थंडी सांगते. तीन मजले ती कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत चढली. आत आल्यावर तिने पहिलं वाक्य म्हटलं, "बेटा, कुर्सी है?" बीटवाला त्याच्या खुर्चीवरून उठला. त्या खुर्चीवर त्याच्याशिवाय कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. बसल्यावर ती थोडी गोल फिरली, कारण खुर्ची फिरती होती, आणि भिंतीवरच्या रजईकडे तोंड करून थांबली. त्याने तिला हळूच वळवून सरळ केलं.

"बेटा," ती म्हणाली, "मराठी में राग मतलब ग़ुस्सा।"

तो माझ्याकडे बघू लागला. मी रजईकडे बघू लागलो.

"ग़ुस्सा?"

"हाँ। इसको सुबह-सुबह ग़ुस्सा आता है। ऐसा गाना है।"

त्याने परत गाणं लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावर त्याने जे म्हटलं त्याची मला तयारी नव्हती. मी भांडणाची तयारी करून आलो होतो.

"पर आंटी, ये तो ऐसे बोल रहा है जैसे छुट्टी की अर्ज़ी दे रहा हो।"

"वो तो है," आत्या म्हणाली.

आता बीटही चुकलं होतं आणि आवाजही. बीटवाला म्हणाला, सारंगी काढतो, जड ड्रम घालतो, तू ओरड. मी माइकसमोर उभा राहून ओरडलो. त्याने ते परत ऐकवलं. खाली चौकात पोरं नजफगढ़, नजफगढ़ म्हणून सवाऱ्या बोलावतात, तसं ऐकू येत होतं. मी परत ओरडलो. यावेळी नजफगढ़च्या पुढचं गाव. बीटवाल्याने फोन काढला आणि काहीतरी टाइप केलं. मला वाटलं भोजपुरीवाल्याला.

"थांब रे," आत्या म्हणाली. मला म्हणाली, पण हिंदीतून, म्हणजे त्यालाही कळावं. "इसका बाप, मेरा भाई है। पूरी ज़िंदगी में उसने एक बार आवाज़ नहीं चढ़ाई। ग़ुस्सा आया तो थाली ऐसे सरकाता था।" तिने की-बोर्ड दोन बोटं पुढे सारला. "और बोलता था, मला भूक नाही. बस। फिर चार दिन घर में कोई ज़ोर से चम्मच भी नहीं रखता था।"

"भूक नाही मतलब?"

"भूख नहीं है।"

बीटवाला की-बोर्डकडे बघत राहिला. तो परत जवळ ओढून घ्यायला हवा होता, पण त्याने घेतला नाही. "हमारे पापा भी," एवढंच म्हणाला. खालून त्याच्या वडिलांचा कोणाला तरी वायर नीट धरायला सांगणारा आवाज येत होता.

मग तो मला म्हणाला, "ओरिजिनल वाला बोल। अर्ज़ी वाला। आख़िर में ये डाल।"

मी पांघरुणात म्हटलं होतं तसंच म्हटलं. गोदाम घातलं, बंबई घातलं, नववीच्या वर्गातला शेवटचा बाक घातला. आवाज चढवला नाही. शेवटी 'मला भूक नाही' म्हटलं आणि थांबलो. त्याने तानपुरा काढून टाकला, ड्रमला चप्पल परत घातली, पण सारंगी ठेवली. आत्या म्हणाली, अजूनही कोणीतरी गेल्यासारखंच वाटतं. तो म्हणाला, "हाँ आंटी, अब पता है कौन।" मला अजून नीट कळलेलं नाही, कोण. मी विचारलं नाही.

टेप निघाली. हौज खासच्या मागच्या गल्लीत एका कॅफेच्या तळघरात रविवारी दुपारी सगळ्यांनी गायचं ठरलं. आत्या निरोपसमारंभाची साडी नेसून आली, हातात माझा डबा. दारावरच्या मुलाने तिच्या मनगटावर शिक्का मारला. तिने विचारलं, "धोने से जाएगा ना?" मग विचारलं, "कुर्सी है?"

"आंटी, यहाँ कोई बैठता नहीं है।"

तिथे खरंच कोणी बसत नाही. आत्या मागच्या खांबाला हात लावून उभी राहिली. माझा नंबर बराच उशिरा होता. आधीच्या प्रत्येक गाण्याला लोक उड्या मारत होते आणि मी दर गाण्याला तिच्या गुडघ्यांकडे बघत होतो. एकदा तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. तेवढंच.

माझं आलं. सारंगी लागल्यावर लोक उड्या मारायचे थांबले. मला वाटलं झालं. मी अर्ज वाचल्यासारखं सगळं म्हटलं, कारण भीतीने तसंही दुसरं काही निघालं नसतं. शेवटचं वाक्य म्हटलं तेव्हा इतकी शांतता होती की कॉफीचं मशीन ऐकू आलं. टाळ्या नंतर आल्या. खाली उतरल्यावर हरियाणवीत गाणाऱ्या धिप्पाड पोराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाई, समझ में घंटा नहीं आया," तो म्हणाला, "पर घर पे फ़ोन करने का मन हो गया।"

घरी फोन मीही केला. वडिलांना गाणं आधीच पाठवलं होतं.

"आयकलं," ते म्हणाले. "ते भूक नाई, ते कोनाचं होय?"

"तुमचंच."

"हं." मग म्हणाले, "दिवाळीले येशीन तं चार दिवसाची सुट्टी काढून ये. परत जाचं रिझर्वेशनबी आताच करून ठेव, मागून भेटत नाही." काकाच्या दुकानाचं नाव त्यांनी काढलं नाही.

परतताना मेट्रो बदलल्यावर आत्याला जागा मिळाली. ती बसली, डोळे मिटले आणि द्वारका येईपर्यंत उघडले नाहीत. डबा मांडीवर तसाच, भरलेला. मला वाटलं खूप दुखतंय. मी विचारलंही, यावेळी विचारलं. ती म्हणाली, "गाण्याला उभंच राहतात. मला सवय आहे."

कधीतरी माझा स्वतःचा कार्यक्रम होईल. सगळे उभे असतील, उड्या मारतील, मारू देत. पहिल्या रांगेत एक खुर्ची असेल, पाठ टेकता येईल अशी, हातांची, न फिरणारी. ती मी स्वतः आधी जाऊन ठेवीन, स्वतः बसून बघीन, आणि आत्याला हात धरून त्या खुर्चीवर बसवल्याशिवाय माइक हातात घेणार नाही. तिथे तिला कोणी गायला सांगितलं, तर नाही म्हणायचं कामही माझंच.