शंकरपाळे आणि संरक्षणखातं

इंग्रजांना देशाबाहेर घालवून मग त्यांच्याच देशात येऊन पहारा देणारा माणूस जगाने एकच पाहिला, आणि ते माझ्या बायकोचे मामा होते. बेचाळीसला मामा सातारा भागात भूमिगत होते, टेलिफोनच्या तारा कापायचे. ऐंशीनंतर कधीतरी ते मुलाकडे लंडनमध्ये हॅरोला आले. विमानतळावर मुलगा म्हणाला, "अंडरग्राउंडने जाऊ," तर मामांनी वॉरंट कुणाच्या नावाचं आहे ते आधी विचारलं. पुढे मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी लोकांच्या परसांना खेटून उघड्यावर धावायला लागली, तेव्हा म्हणाले, "ही कसली भूमिगत? कुणीही धरेल."

आमच्या मराठी मंडळाने, त्यांची भाषणं टळावीत म्हणून, त्यांना हॉलच्या दाराशी उभं केलं. मामांनी लगेच स्वतःला संरक्षणमंत्री जाहीर केलं. अध्यक्ष पंतप्रधान असल्यासारखे वागतच होते, त्यामुळे एक मंत्री वाढला तर कुणाची हरकत नव्हती. सरकारी कायदे मोडण्यात तारुण्य घालवलेले मामा आता फायर एक्झिटपाशी चपला ठेवल्या म्हणून भल्याभल्या डॉक्टरांना झापायचे. शिवाय आत यायला परवलीचा शब्द लागायचा.

एका दिवाळीला तो शब्द होता 'शंकरपाळे'. गोरा साहेब धोतर नेसून आला तरी 'ळ'वर सापडतोच, असा मामांचा सिद्धांत होता. साहेब कुणी आला नाही. सापडली ती इथेच जन्मलेली आमची पोरं. 'शंकरपाले, शंकरपाले' करत ती थंडीत ताटकळली, आणि त्यांत मामांची नातही होती.

"आजोबा, सोडा ना. माझी डान्स आहे. मी पण मराठी आहे."

"मग म्हण," मामा म्हणाले.

तिला ते येईना. आत तिचं गाणं तिच्यावाचून वाजून संपलं. मला मामांचा तेव्हा मनस्वी राग आला. पोरगी रडत घरी गेली आणि पुन्हा मंडळात फिरकली नाही. मामांनी परवलीचा शब्द कायमचा बंद केला. शत्रूला कळला, एवढंच कारण त्यांनी दिलं.

नव्वदच्या दशकात मामांची स्मरणशक्ती विरत गेली. ते कुणालाच ओळखेनात, पण खोलीत येणाऱ्याला परवलीचा शब्द मात्र विचारायचे. आम्ही चांगला ठणठणीत 'ळ' काढून 'शंकरपाळे' म्हणायचो. मामा मान हलवून म्हणायचे, "चूक." एवढं होऊन आम्हाला काही उमगलं नाही. मग एकदा लीड्सला शिकणारी नात सुट्टीत आली. मामांनी शब्द विचारला, तशी ती दारातच थबकली आणि हळूच म्हणाली, "शंकरपाले."

मामा पलंगावर सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली.

"ये," ते म्हणाले, "कधीची थंडीत उभी आहेस."