सोजीर फेऱ्या मारतोय

गिरीजच्या मंदाआत्या हट्टी म्हणून गावभर प्रसिद्ध होत्या. चार स्थळं आली, चारही त्यांनी परतवली. "मी गेले तर वाडीला पाणी कोण लावणार?" एवढंच उत्तर. जशी काही गिरीजची केळी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पीतच नव्हती! पुढे भाऊ गेला, भावजय गेली, वाडी भाच्याकडे आली, तरी आत्या आपल्या पाटाच्या कडेला फावडं घेऊन उभ्याच. साठी उलटली, पण भर दुपारी वाडीत जाणं काही त्यांनी सोडलं नाही.

अशा बाईचा जीव मंगळावरच्या एका गाडीवर जडला. आता याला काय म्हणावं?

सत्त्याण्णवचा जुलै होता. भाचा जितेश फोर्टातल्या कचेरीत कामाला होता आणि तिथे नवंच इंटरनेट आलं होतं. एक दिवस त्याने छापलेला कागद आणला. तांबडी माती, दगडगोटे आणि मधोमध सहा चाकांची, मिक्सरच्या खोक्याहून थोडी मोठी एक गाडी.

"मंगळावर उतरलीय, आत्या. सगळी दुनिया बघतेय. सोजर्नर नाव आहे."

"सोजीर?" आत्यांना हसू फुटलं. त्यांच्या लहानपणी गोऱ्या शिपायांना सोजीर म्हणत. "एवढासा जीव, आणि सोजीर?"

झालं, नाव चिकटलं. कागद फ्रिजवर लागला. जितेश घरी आला की चहाच्या आधी प्रश्न, "आज कुठवर गेला?" शेजारच्या वाडीतले लुईसकाका कुंपणावरून विचारायचे, "मंदाबाय, तुझा सोजीर किती चालला गो?" दोन हात चालला, असं कळलं की म्हणायचे, "आमची गोगलगाय बरी!" पण चेष्टा करणारे हेच काका पुढचे चार दिवस पेपर आधी उघडून बसायचे. कधी न पाहिलेल्या यंत्राची काळजी करायची म्हणजे वेडच, पण ते त्या वर्षी बऱ्याच शहाण्या माणसांना लागलं होतं.

दिवाळी झाली आणि जितेश वेगळीच बातमी घेऊन आला. सोजिराला घेऊन गेलेलं मोठं यान महिन्याभरापासून गप्प होतं. सोजिराला सगळे हुकूम त्याच्यातूनच जायचे.

"मग तो काय करतोय?" आत्यांनी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. पण त्याला आधीच शिकवून ठेवलंय. हुकूम आला नाही तर परत यायचं आणि यानाभोवती फेऱ्या मारायच्या."

"कुठवर?"

"कुणी थांब म्हणेपर्यंत. पण म्हणणार कोण? ते यान तर मेलंय ना."

आत्यांनी हातातली कपबशी अर्ध्यातच खाली ठेवली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

याचं कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वाडीतल्या तळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या बावखलावर, पूर्वी लाकडी रहाट होता. डोळ्यांना झापडं बांधलेला रेडा गोल फिरायचा, रहाट करकरायचा आणि पाटाला पाणी लागायचं. माणूस वाडीत एकटा असला की घरच्यांचे कान त्या करकरीकडे असत. आवाज चालू म्हणजे माणूस बरा आहे. आवाज थांबला की हातातलं टाकून पळायचं. तो ऐकत बायका निर्धास्त भाजी चिरत, पोरं निजवत, इतका त्या आवाजावर भरवसा होता.

मंदा नऊ वर्षांची असताना आईने तिला वडिलांची, बळीरामची, भाकरी घेऊन पाठवलं. वडील पाटाशेजारी कुशीवर पडले होते. रेडा फिरत होता. मंदाला वाटलं, डोळा लागलाय. रेडा तिचंही ऐकायचा, एकदा 'होऽऽ' म्हटलं की उभा राहायचा. पण रहाट थांबला तर बाबा उठतील आणि तण काढायला बसवतील, म्हणून तिने भाकरी फांदीला अडकवली आणि पाय न वाजवता चिंचेखाली खेळायला पळाली. दुपारभर रहाट करकरत राहिला. दुपारभर आई घरात निश्चिंत होती. पाटाचं पाणी फुटून मागच्या दारात आलं, तेव्हा आई धावली, तोवर वडील गेले होते. वैद्य म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. आईने मंदाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबांनी भाकरी हातात घेतली."

हे खोटं आहे, हे बावन्न वर्षं तिने कुणाला सांगितलं नाही. स्थळं परतवली ती काय केळीसाठी?

त्या बातमीनंतर तिसऱ्या दुपारी आत्यांना करकर ऐकू आली.

रहाट मोडून पंचवीस वर्षं झाली होती. लाकडं कधीच बंबात जळून गेली होती. आत्यांनी घरात येऊन जितेशच्या बायकोला, विनिताला विचारलं, "काही ऐकू येतं का गं?"

"मोटारीचा आवाज असेल," विनिता तांदूळ निवडत म्हणाली. तिने मान वर केली नाही. मोटार बंद होती. सकाळपासून वीज नव्हती.

मग रोज उन्हं डोक्यावर आली की तो आवाज सुरू व्हायचा. करकर, मग जरा थांबल्यासारखं, मग पुन्हा करकर. रेड्याच्या जुन्या वाटेवर आता अळू लावलेलं होतं. एका दुपारी आत्यांनी पाहिलं, वारा अजिबात नव्हता, केळीचं पान हलत नव्हतं, आणि अळूची पानं मात्र एकामागून एक हलत होती. एक झुकलं, सरळ झालं, शेजारचं झुकलं. असं करत करत ते हलणं बावखलाला वळसा घालून पुन्हा त्यांच्या पायाशी आलं आणि पुढे गेलं.

आत्या भ्यायल्या, हे खरं. पण त्याहून जास्त त्यांना त्याची कीव आली. रेडा असो, सोजीर असो, की आणखी कुणी असो, बिचारा थांबायची परवानगी मागत फिरत होता. आणि तो शब्द यांच्या तोंडातून निघत नव्हता, कारण तो म्हटला की बाबा उठतील, असं त्या साठीच्या बाईला त्या क्षणी खरोखर वाटलं.

पानं पुन्हा वळसा घालून जवळ आली. आत्यांनी डोळे मिटले.

"होऽऽ," त्या म्हणाल्या. आवाज नऊ वर्षांच्या पोरीसारखा चिरका निघाला. "हो रे बाबा. थांब आता."

करकर थांबली.

इतकी शांतता त्या वाडीत कधी नव्हती. मग घराकडून धावत्या पावलांचा आवाज आला. विनिता. पिठाचे हात तसेच, पायात चप्पल नाही.

"आत्या! बऱ्या आहात ना तुम्ही?" तिला धाप लागली होती. "तो आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, तुम्हालाच काही झालं."

आत्या तिच्याकडे वळल्या. "तुला ऐकू येत होता?"

"रोज."

"मग बोलली का नाहीस?"

विनिता ओशाळली. "भीती वाटायची. आणि... तो चालू असला की वाटायचं, तुम्ही आहात वाडीत, बऱ्या आहात. म्हणून बघायला आले नाही कधी."

आत्या पाटाच्या कडेला बसल्या. विनिता घाबरून वाकली, तसा त्यांनी तिचा पिठाचा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला.

"बस इथे," त्या म्हणाल्या. "बाबांनी भाकरी घेतली नव्हती गं."