गढ्यातले दरवाजे, तेवरच्या भिंती

जुनी घरं बघत फिरणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. धुळीसारखे अंगावर येऊन बसतात. आम्ही तिघं: फॅक्टरीतून रिटायर झालेले देवधर, त्यांची बायको कुमुद आणि मी. शाळा माझी सातवीत सुटली, पण जबलपुरातली कुठली कमान कुठल्या काळच्या वळणाची, ते मला विचारा. देवधर विचारत नाहीत. ते सांगतात.

*

गढा ही जबलपुरातली जुनी वस्ती. तिथल्या एका गल्लीत पाकळ्यांची कमान दिसली आणि देवधरांचं मोगल वळणावर लेक्चर सुरू झालं. घरातली बाई भांडी घासता घासता ऐकत होती. म्हणाली, "दादा, ये तो पिछली दिवाली में बनी है."

कुमुद हसत सुटली. मी बाईला विचारलं, नव्या घराला असा दरवाजा काहून केला? तिला प्रश्नच कळेना.

"और कैसा होता है दरवाजा?"

राजे गेले, राज्यं गेली, पण त्या गल्लीत दरवाजा म्हटला की डोळ्यांपुढे हाच येतो.  

*

जबलपूरजवळचं तेवर ही कलचुरींची जुनी राजधानी. देवळं पडली, दगड घराघरांत गेले. एका स्वयंपाकघराच्या भिंतीत कीर्तिमुख बसवलेलं: बटबटीत डोळे, वासलेला जबडा, आणि तो जबडा तुपाने काळा कुळकुळीत. सून रोज पहिल्या पोळीचा तुकडा त्याला लावते. हे कोण, माहीत आहे का, मी विचारलं.

"पता नहीं, अम्मा. भूखे दिखते हैं."

अहो, गोष्टीतला हा भुकेपोटी स्वतःचंच अंग खाऊन बसलेला! पोथी न वाचता तिने ओळखलं.

*

आता गढ्याचे तिवारीदद्दा. कार आत घ्यायला त्यांना दगडी दरवाजा पाडायचा होता. मी दर रविवारी जाऊन भांडले. ते म्हणत, साधा दगड आहे, एक फूलही कोरलेलं नाही. शेवटी मजूर लावलेच. आम्ही तिघं समोर उभे राहिलो.

चौकटीचा उजवा दगड निघाला, वळला. भिंतीत गाडलेल्या बाजूवर कोरलेली, मगरीवर उभी नर्मदा! पैंजणाचा मणी न् मणी शाबूत.

मजुरांचे हात थांबले. दद्दांनी चपला काढल्या.

मी म्हटलं, आता तोंड बाहेर करून बसवा, जग बघेल. दद्दांनी नर्मदेच्या पायांना हात लावला. मग म्हणाले, कार गल्लीतच राहील; आणि दगड होता तसाच, तोंड आत करून परत बसवायला लावला.

मी चिडले. काहून?

"पुरखों ने छुपाई थी, दीदी. सोच के छुपाई होगी. हमें क्या मालूम, खतरा टला कि नहीं."