दोन बोटींचा एक आकडा

मागची बोट तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी वहीत वेळ लिहिली: आठ वाजून बावीस मिनिटे. आधीच्या दोन रविवारी ती आठ एकोणीसला आणि आठ पंचवीसला थांबली होती. पाण्यात सोडण्याची वेळ तिन्ही वेळा पावणेआठची. म्हणजे चौतीस ते चाळीस मिनिटे. जे ठरल्या वेळी बिघडते ते आपोआप बिघडत नाही, असे वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य काढल्यावर वाटू लागते.

जळगावच्या मेहरूण तलावावर रविवारी सकाळी आम्ही चौघे रिमोटवरच्या बोटी चालवतो. मी निवृत्त उपसंपादक. दुसरे आबा, भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. तिसरा चोपड्याचा केळी बागायतदार. तो एरवी बोट आपल्या शेततळ्यात चालवतो आणि महिन्यातून दोनदा इकडे येतो. चौथ्याला आम्ही भाई म्हणतो. शहरात त्याचे बॅटरी पॅक बांधण्याचे लहानसे दुकान आहे. सुटे सेल धातूच्या पट्टीने जोडून तो शेतकऱ्यांच्या फवारणी पंपांचे पॅक करतो. आमच्या बोटींचे पॅकही त्याचेच.

माझ्या बोटी दोन. बंदरात मोठे जहाज ओढून नेणाऱ्या ठेंगण्या टगबोटींच्या त्या प्रतिकृती आहेत. दोघींच्या मध्ये पाइपच्या तुकड्यांवर उभारलेले चार फुटी मालवाहू जहाज असते. त्याला मोटर नाही. पुढची बोट त्याला ओढते, मागची दोर ताणून त्याला सरळ ठेवते. चालवणारा माणूस एक, म्हणून रिमोटही एकच. प्रत्येक बोटीत एक रिसीव्हर, आणि दोन्ही रिसीव्हर त्या एका रिमोटचे ऐकतात. डावी दांडी पुढच्या बोटीची, उजवी मागच्या बोटीची. बॅटरीत किती दम उरला हे रिसीव्हर पाण्यावरून परत कळवतो आणि रिमोटच्या पडद्यावर आकडा येतो. मागची बोट थांबली त्या तिन्ही वेळी पडद्यावर अकरा व्होल्टच्या वरचा आकडा होता. त्या आकड्याला बोट थांबण्याचे कारण नव्हते.

पहिला संशय मी जलपर्णीवर घेतला. पंखा पाहिला, स्वच्छ होता. दुसरा संशय इतरांच्या रिमोटवर. पुढच्या रविवारी सगळ्यांना आपापले रिमोट बंद ठेवायला लावले. आबा म्हणाले, "आता श्वास पण बंद ठेवू का?" त्या दिवशीही बोट थांबली. मग मी पॅककडे वळलो, आणि पॅककडून भाईकडे.

एकदा वळल्यावर दिसू लागले. भाई तलावावर उशिरा येई आणि येताच विचारी, "किती वेळ चालली, साहेब?" हा प्रश्न तो आबांना विचारत नसे. बोट थांबली की तो जवळ येत नसे, लांबून पाहत राही. पॅक उघडून पाहू का, असे मी विचारले तर म्हणाला, "उघडू नका, मी बघतो ना." मी या तिन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

घरी टेबलावर मी दोन्ही पॅक पूर्ण भरून लावले. पडद्यावर साडेबारा. पुढची बोट बंद केली, तरी साडेबारा. म्हणजे रिमोट ठीक, रिसीव्हर ठीक. मग मागच्या बोटीच्या पॅकचे निळे वेष्टन ब्लेडने कापले. आत सेलच्या टोकांवर वेल्डिंगचे टिपके होते. नव्या सेलवर ते एकदाच पडायला हवेत. दोन सेलवर ते दोनदा पडलेले होते, एक जोडी दुसरीच्या बाजूला. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवे वेष्टन चढवून विकतात, हे मी बातम्यांत वाचलेले होते. पुरावा माझ्या हातात होता, असे मी त्या दुपारी मानले.

आमच्या चौघांचा आणि आणखी काही हौशी लोकांचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यात मी एक वाक्य लिहिले: "बॅटरी पॅक घेताना सेल नवेच आहेत ना, एवढी खात्री प्रत्येकाने करून घ्यावी." नाव नाही, आरोप नाही. कचेरीतल्या वकिलाला दाखवले असते तर त्यानेही हरकत घेतली नसती. गटात पॅक बांधणारा माणूस एकच होता.

तासाभरात चोपड्याच्या बागायतदाराचा फोन आला. "काय भाऊ, मना पंपमा बी तोच माल शे का?"

मी म्हणालो, "मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाव नही लिखं, पन आमले समजनं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याने भाईला बारा पंपांचे पॅक सांगितले होते. गावात त्याच्या शब्दावर आणखी लोक पॅक घेतात. संध्याकाळी त्याने भाईला कळवले की पॅक सध्या नकोत. हे मला आबांनी सांगितले, आणि वर एवढेच विचारले, "बोट परत पाण्यात टाकून पाहिली का?"

पुढच्या रविवारी भाई आला नाही. तो येत नाही हेही मी पुरावा म्हणून धरले. बोटी पाण्यात होत्या. पस्तीस मिनिटे झाली तेव्हा आबांनी मला त्या काठाशी आणायला लावल्या आणि पडद्याकडे बोट दाखवले. "हा आकडा कुठल्या बोटीचा?"

"दोन्हींचा," मी म्हणालो.

"दोन बोटींचा एक आकडा कसा असेल? आमच्या केबिनमध्ये दिवा लागायचा, त्याच्याखाली सिग्नलचा नंबर असायचा. कुठल्या सिग्नलचा दिवा ते माहीत नाही आणि गाडी सोडली, असं केलं असतं तर मी पेन्शनपर्यंत पोचलो नसतो."

त्यांनी वाकून पुढच्या बोटीचे बटण बंद केले. पडद्यावर अकरा पूर्णांक तीन होते. आकडा क्षणभर गेला आणि परत आला: नऊ पूर्णांक चार. मागच्या बोटीची बॅटरी संपत आली होती. नेहमीसारखी, चाळीस मिनिटे ओझे आवरून कोणतीही बॅटरी संपेल तशी. तिची मोटर मोठी होती. ती मीच निवडली होती.

दोन्ही रिसीव्हर एकाच वेळी उत्तर देत होते. पुढच्या बोटीची अँटेना धुराड्यात उभी होती, मागच्या बोटीची बॅटरीखाली आडवी दाबलेली. ज्याचा आवाज मोठा त्याचेच उत्तर रिमोटला ऐकू येत होते. टेबलावर दोन्ही पॅक भरलेले असल्याने दोन्ही उत्तरे सारखीच होती, म्हणून तिथे काही कळले नाही. आबांनी पुढच्या रिसीव्हरचे उत्तर देणे बंद करायला लावले. ऐकणारे दोन चालतात, बोलणारा एकच ठेवावा लागतो.

आकडा कोणी दिला हे न विचारता आकडा छापायचा नाही, हे मी कचेरीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवत असे.

त्याच दिवशी मी भाईच्या दुकानात गेलो. झाले ते क्रमाने सांगितले. टिपक्यांचेही विचारले, कारण तेवढे अजून डोक्यात होते.

"पहिला टाका कच्चा बसला," तो म्हणाला. "ओढून बघितला, सुटला. म्हणून शेजारी दुसरा मारला. कच्चा ठेवला असता तर तुम्हाला एकच दिसला असता."

"आणि किती वेळ चालली, ते मलाच का विचारायचास?"

"दुसऱ्या कुणाची बोट चार फुटी जहाज आवरते का? मला वाटलं मोटर जास्त खाते. पण तुम्ही म्हणालात आकडा अकराच्या वर आहे. तुमचा आकडा, मी काय बोलणार?"

मी म्हणालो की मी गटात नाव लिहिलेले नव्हते.

"तेच तर, साहेब. नाव लिहायचं ना. नाव लिहिलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. बिननावाच्या गोष्टीला मी कुठल्या तोंडाने उत्तर देऊ? दिलं तर लोक म्हणणार, याच्याच पोटात दुखतंय."

मी तिथेच बसून गटात दुसरा संदेश लिहिला. या वेळी त्याचे नाव घातले, माझे घातले, चूक कुठे झाली तेही. भाईने वाचून मान हलवली नाही, नाकारलेही नाही.

चोपड्याहून पुन्हा फोन आला. "पहिलं बी तुम्हीच लिखं, दुसरं बी तुम्हीच. खरं कोनतं शे?" मी दुसरे खरे म्हणालो. तो म्हणाला, मी येऊन बघतो.

तो बुधवारी दुपारी भाईच्या दुकानात आला; मीही तिथे होतो. तयार बारा पॅकमधून त्याने स्वतः एक उचलला. भाईने त्याचे वेष्टन कापले, सेल दाखवले, मग मोटारसायकलचा दिवा जोडला आणि पॅक संपेपर्यंत चालवला. मीटर मी हातात घ्यायला गेलो तर बागायतदार म्हणाला, "राहू द्या भाऊ. आकडा मी वाचतो." दोन वेळा चहा झाला. पॅक जितका चालायला हवा तितका चालला.

"सहा नेतो," तो उठताना म्हणाला. "बाकीना हाऊ हंगाम पाहीसन."

भाईने सहा पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरून दिले. हंगाम पाहून न्यायचे म्हणून उरलेले सहा त्याने भिंतीकडच्या फळीवर ठेवले. ते अजून तिथेच आहेत.