आत्याबाईचा तराजू

सव्वा महिना झाला. सकाळी शाळेला निघताना गावाहून शेजारणीचा फोन आला, “आत्याबाई गेल्या वं ताई... बसल्याबसल्याच.” रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता ते सांगायचं राहूनच गेलं.

आई मी लहान असतानाच वारली. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात आत्याबाईनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, तळ्यातले मासे बाजारात विकून मला बी.एड.पर्यंत शिकवलं. घरातली पहिली पदवी माझी. बाळंतपणालाही मी तिच्याकडेच गेले.

मुलगी दहा दिवसांची झाली आणि श्वास आत घेताना तिच्या गळ्यातून घुर्र असा आवाज येऊ लागला. उताणी निजवली, दूध पाजलं की वाढायचा. खांद्यावर उभी धरली की कमी व्हायचा. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, “लॅरिंगोमलेशिया. स्वरयंत्रावरचा भाग मऊ आहे, श्वासासरशी आत ओढला जातो. बहुतेक मुलांचं दीड-दोन वर्षांत आपोआप बरं होतं. पण वजन वाढतंय ना, ओठ निळे पडत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवा.” तो अवघड शब्द मी पाठ केला. बाकीच्यातलं ‘आपोआप’ तेवढं लक्षात ठेवलं.

एकदा न्हाऊन आले, तर आत्याबाईनं मासे तोलायचा तराजू घासूनपुसून आढ्याला टांगलेला. दोन्हीकडे सारख्या टोपल्या. एकीत माझी मुलगी, दुसरीत नदीतले गोटे. मी ओरडले, “मासे तोलायच्या तराजूत माझी पोर? वास येतो त्याचा!”

“मासोळी मले फसवत नाई, तं पोर काऊन फसवंन?” ती हसली. मग हळूच म्हणाली, “तीन बाजार झाले वं. एक गोटा नाई वाढला.” म्हणजे दर आठवडी बाजाराला ती मला चोरून तोलत होती.

“डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?” मी म्हणाले. तिनं मुलगी माझ्या हाती दिली आणि तराजू उतरवला.

पुढच्या बाजारापर्यंत मुलगी दूध ओढता ओढता थकून जाऊ लागली. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडायचा. मला न विचारता आत्याबाईनं गाडी बोलावली. नागपूरला नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. पोटातलं आंबट दूध वर येऊन घसा सुजला होता, आणि श्वास घेण्यातच तिची सारी ताकद संपत होती. छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत. वजन वाढत नाही हे कोणाच्या लक्षात आलं?”

“माझ्या,” मी म्हणाले. “मी शिक्षिका आहे.”

आत्याबाई शेजारीच उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, “चाय पेतं का वं?”

त्याहून लाजेची गोष्ट पुढं घडली. गावात ती सगळ्यांना सांगत सुटली, “आमची भाची शिकेल हाय, तिनंच वळखलं!” मी तिथंच बसलेली असायचे... गप्प. सहा वर्षं गप्प.

तेराव्याला तिच्या घरी गेले. तराजू खुंटीला होता आणि खाली जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले गोटे. त्या दिवशी मी पाहिले होते त्याहून बरेच जास्त. शस्त्रक्रियेनंतरही ती तोलत राहिली होती.

“आई, हे कोणाचे?” मुलीनं विचारलं.

“तुझे,” म्हटलं. “तुझं वजन वाढत नाही हे आत्याआजीच्या लक्षात आलं होतं. माझ्या नाही.”

तिनं त्यातला सर्वांत लहान गोटा उचलला आणि रिकाम्या पारड्यात ठेवला. पारडं खाली गेलं.